डाऊनलोडद्वारे सॉफ्टवेअर विकणारे छोटे दुकान : उभारणी आणि चाचणी

किराणा दुकानात गिऱ्हाईक पैसे देते आणि दुकानदार पुडी त्याच्या हातात ठेवतो. देणारा व घेणारा समोरासमोर असतात आणि चूक झाली तर ती तिथल्या तिथे दुरुस्त होते. इंटरनेटवरून सॉफ्टवेअर विकणाऱ्या दुकानात असे घडत नाही. पैसे बँकेच्या संगणकावर जमा होतात, माल दुसऱ्याच एखाद्या शहरातील सर्व्हरवर असतो आणि व्यवहार रात्री अकरा वाजता झाला तर दुकानदार झोपलेला असतो. पैसे मिळाल्याची वार्ता मालापर्यंत पोहोचली, तरच ग्राहकाला फाईल मिळते. ही वार्ता वाटेत हरवली तर ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वजा होते आणि पडद्यावर मात्र ‘व्यवहार अयशस्वी’ असा संदेश दिसतो. अशा दुकानांविषयीच्या तक्रारींचे मूळ बहुधा याच ठिकाणी असते. त्यामुळे दुकानाची दर्शनी सजावट, रंगसंगती व जाहिरात यांपेक्षा पैसे आणि फाईल यांच्यामधील या अंतराची चाचणी अधिक महत्त्वाची ठरते.

भारतात एकटा विकसक किंवा दोन-तीन जणांची संस्था असे दुकान आज अल्प खर्चात उभारू शकते. उदाहरणादाखल, पुण्यातील एका विकसकाने सहकारी गृहनिर्माण संस्थांचा जमाखर्च ठेवणारे सॉफ्टवेअर तयार केले असून ते ९९९ रुपयांस विकण्याचा त्याचा विचार आहे, असे समजू या. त्याचे ग्राहक म्हणजे नाशिक, सोलापूर किंवा इंदूर येथील संस्थांचे सचिव व खजिनदार. संगणकाची जेमतेम ओळख असलेली, परंतु हिशेबाला पक्की असलेली ही माणसे आहेत.

वस्तू ते सेवा

सॉफ्टवेअर आधी वापरून पाहावे व पटल्यास पैसे पाठवावेत, ही पद्धत १९८२ च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाली. अँड्र्यू फ्लुगेलमन यांचा ‘पीसी-टॉक’ आणि जिम बटन यांचा ‘पीसी-फाईल’ हे तिचे आरंभीचे नमुने होत. फ्लॉपी एकाकडून दुसऱ्याकडे जात असे आणि समाधानी ग्राहक टपालाने धनादेश पाठवीत असे. पुढे फ्लॉपीची जागा सीडीने व सीडीची जागा डाऊनलोडने घेतली.

भारतात या स्थित्यंतरासोबत कराचा प्रश्नही बदलत गेला. सीडीवर मिळणारे तयार सॉफ्टवेअर ही विक्रीकरास पात्र अशी ‘वस्तू’ आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात नोव्हेंबर २००४ मध्ये दिला. मे २००८ पासून माहिती तंत्रज्ञान सॉफ्टवेअर सेवांवर सेवाकर लागू झाला. त्यानंतर एकाच सॉफ्टवेअरवर मूल्यवर्धित कर लावावा की सेवाकर, याविषयी अनेक वर्षे वाद होत राहिले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर हा घोळ बराचसा मिटला. डाऊनलोडद्वारे पुरविलेले सॉफ्टवेअर सेवा म्हणून धरले जाते व त्यावर १८ टक्के दराने कर आकारला जातो.

पैसे स्वीकारण्याची सोय हा दुसरा अडथळा होता. कार्ड समोर नसताना होणाऱ्या व्यवहारांसाठी जादा पडताळणी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. एप्रिल २०१६ मध्ये भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने यूपीआय ही प्रणाली सुरू केली. तोवर ज्यांनी कार्डाचा क्रमांक कधी संगणकावर टंकला नव्हता, असे लोकही त्यानंतर भ्रमणध्वनीवरून पैसे देऊ लागले. गृहनिर्माण संस्थेचा सचिव हा छोट्या विकसकाचा ग्राहक होऊ शकला, तो यामुळेच.

मालाची तयारी

दुकान उघडण्यापूर्वी माल विक्रीयोग्य करावा लागतो. संगणक प्रोग्रॅम हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत येतो व लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे त्यास संरक्षण मिळते. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. मात्र सॉफ्टवेअरमध्ये इतरांचे मुक्तस्रोत घटक वापरले असतील, तर त्यांच्या परवान्यातील अटी आधी वाचणे आवश्यक आहे. काही परवाने मूळ संहिता खुली करण्याची अट घालतात आणि ही गोष्ट विक्री सुरू झाल्यावर लक्षात आल्यास पंचाईत होते.

प्रस्थापन फाईलवर विकसकाची डिजिटल स्वाक्षरी असावी. ती नसल्यास विंडोज प्रणाली ‘अज्ञात प्रकाशक’ असा इशारा दाखविते आणि सावध ग्राहक तेथेच थांबतो. जून २०२३ पासून अशा स्वाक्षरीची गुप्त किल्ली सुरक्षित हार्डवेअर उपकरणातच ठेवण्याचा नियम प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी लागू केला. त्यामुळे खर्च काहीसा वाढला आहे. फाईलचा ‘हॅश’, म्हणजे तिच्या मजकुरातून गणिताने काढलेला अंकीय ठसा, डाऊनलोडच्या पानावर दिल्यास जाणकार ग्राहकाला फाईल वाटेत बदललेली नाही याची खातरजमा करता येते.

सर्व्हरवर ही फाईल कोठे ठेवावी, याचे उत्तर सोपे असले तरी ते पाळले जातेच असे नाही. संकेतस्थळाच्या खुल्या फोल्डरमध्ये ठेवलेली फाईल तिचा पत्ता ठाऊक असलेल्या कोणालाही मिळते आणि शोधयंत्रेही ती हुडकून काढतात. फाईल खुल्या फोल्डरच्या बाहेर ठेवून, खरेदीची नोंद तपासूनच ती देणारा छोटा प्रोग्रॅम मध्ये असावा लागतो. चाचणीचा पहिला प्रयोग येथूनच करता येतो. आपल्याच दुकानात अनोळखी माणसाप्रमाणे जावे व पैसे न देता फाईल मिळविण्याचा प्रयत्न करावा.

किंमतही अशीच तपासावी. जुन्या काळातील कित्येक दुकानांत वस्तूची किंमत खरेदीच्या अर्जातील अदृश्य रकान्यात लिहिलेली असे. ग्राहक ब्राऊझरमध्ये तो रकाना बदलून ९९९ ऐवजी ९ रुपये पाठवू शकत असे. ब्राऊझरकडून केवळ वस्तूची ओळख घ्यावी व किंमत सर्व्हरवरील यादीतूनच काढावी, हा नियम तेव्हापासून रूढ झाला. तयार प्रणालीत हे बहुधा सांभाळलेले असते. स्वतः लिहिलेल्या प्रणालीत मात्र सवलतीच्या कूपनाच्या वाटेने हीच चूक पुन्हा शिरते.

पैसे आणि फाईल यांच्यामधील अंतर

छोटा दुकानदार बँकेशी थेट जोडणी करीत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली काम करणारा पेमेंट अॅग्रिगेटर ग्राहकाकडून रक्कम घेतो व ठरलेल्या मुदतीत विक्रेत्याच्या खात्यात जमा करतो. त्यासाठी पॅन, बँक खाते, व्यवसायाचा पुरावा आणि चालू स्थितीतील संकेतस्थळ दाखवावे लागते. कार्डाचा तपशील दुकानाने स्वतःकडे साठविण्याचा प्रश्न आता उरलेला नाही. ऑक्टोबर २०२२ पासून तशी साठवण बंद झाली असून क्रमांकाऐवजी ‘टोकन’ वापरले जाते.

व्यवहार कसा पुढे सरकतो, ते समजून घेतल्यावाचून चाचणी करता येत नाही. ग्राहक ‘खरेदी करा’ हे बटन दाबतो तेव्हा दुकानाच्या नोंदवहीत एक ऑर्डर तयार होते. तिची स्थिती ‘प्रलंबित’ असते. मग ग्राहक अॅग्रिगेटरच्या पानावर जातो, यूपीआय अॅपमध्ये पिन देतो आणि पैसे वळते होतात. यानंतर दुकानाला ही वार्ता दोन वाटांनी येते. पहिल्या वाटेने ग्राहकाचा ब्राऊझर ‘धन्यवाद’ पानावर परततो. दुसऱ्या वाटेने अॅग्रिगेटरचा सर्व्हर दुकानाच्या सर्व्हरला परस्पर सूचना पाठवितो. तिला ‘वेबहूक’ म्हणतात.

नवखा विकसक पहिल्या वाटेवर विसंबतो आणि तेथेच फसतो. यूपीआयने पैसे देताना ग्राहक ब्राऊझरमधून बाहेर पडून अॅपमध्ये गेलेला असतो. पैसे गेल्याची खूण दिसताच तो पुष्कळदा फोन बाजूला ठेवतो. एखादा फोन आला, बॅटरी संपली किंवा लिफ्टमध्ये नेटवर्क गेले, तर ब्राऊझर दुकानात परततच नाही. पैसे मात्र मिळालेले असतात. केवळ ‘धन्यवाद’ पान उघडल्यावर फाईल देणारे दुकान अशा प्रत्येक ग्राहकाला नकळत बुडविते. याउलट, ते पान थेट उघडणाऱ्याला पैसे न घेताच माल देऊन बसते.

म्हणून फाईल द्यावी की नाही, हा निर्णय सर्व्हरला आलेल्या सूचनेवरून व्हावा आणि त्या सूचनेवरही आंधळा विश्वास नसावा. ती खरोखर अॅग्रिगेटरकडून आली आहे काय, हे तिच्यासोबतच्या स्वाक्षरीवरून तपासावे लागते. सूचनेतील रक्कम ऑर्डरच्या रकमेशी जुळते काय, हेही पाहावे लागते. येथे एक गंमत आहे. भारतातील अनेक पेमेंट प्रणाली रक्कम पैशांत मोजतात. ९९९ रुपयांसाठी ९९९०० हा आकडा येतो. रुपये व पैसे यांची गल्लत झाल्यास एक तर प्रत्येक व्यवहार नाकारला जातो किंवा ग्राहकाकडून शंभरावा हिस्सा घेऊन माल दिला जातो.

सूचना एकदाच येईल, असेही गृहीत धरता येत नाही. दुकानाच्या सर्व्हरने वेळेत पोच दिली नाही तर अॅग्रिगेटर तीच सूचना पुन्हा पाठवितो. अशा वेळी दुकानाने दुसरा परवाना क्रमांक व दुसरे बीजक तयार केले तर हिशेब कोलमडतो. एकच सूचना कितीही वेळा आली तरी परिणाम एकदाच व्हावा, अशी रचना लागते. कधी सूचनांचा क्रमही उलटतो. आधी ‘यशस्वी’ आणि मागाहून रेंगाळलेली ‘प्रलंबित’ अशी सूचना आल्यास पूर्ण झालेली ऑर्डर पुन्हा अपूर्ण ठरता कामा नये.

सूचना मुळीच आली नाही तर काय करावे, याचाही विचार हवा. दुकानाचा सर्व्हर दुरुस्तीसाठी तासभर बंद असला की असे घडू शकते. त्यासाठी दर काही मिनिटांनी प्रलंबित ऑर्डरींची यादी काढून अॅग्रिगेटरकडे प्रत्येकीची स्थिती विचारणारा प्रोग्रॅम लिहून ठेवतात. तो लिहायला अर्धा दिवस लागतो. आळस झाल्यास तेच काम पुढे ग्राहकांच्या दूरध्वनींना उत्तरे देत हाताने करावे लागते.

पैसे खात्यातून गेले, परंतु विक्रेत्याकडे व्यवहाराची खात्री पोहोचली नाही, या स्थितीची दखल रिझर्व्ह बँकेनेही घेतली आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप ग्राहकाच्या खात्यात परत गेली पाहिजे. त्यापुढील विलंबासाठी दररोज १०० रुपये भरपाई ठरविण्यात आली आहे. दुकानाच्या मदत-पानावर हे साध्या शब्दांत लिहिलेले असावे. पाच दिवसांचा नियम ठाऊक असलेला ग्राहक थोडा धीर धरतो आणि घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरीत नाही.

फाईल पोहोचविताना

व्यवहार पक्का झाल्यावर ग्राहकाला डाऊनलोडचा दुवा आणि परवाना क्रमांक मिळतो. दुव्याची नक्कल सर्वत्र फिरू नये म्हणून त्याला मुदत व मर्यादा घालण्याची प्रथा आहे. उदाहरणार्थ, अर्ध्या तासाची मुदत आणि जास्तीत जास्त पाच डाऊनलोड. कागदावर हा नियम वाजवी वाटतो. प्रत्यक्षात तो प्रामाणिक ग्राहकालाच अडवितो.

फाईल ४०० मेगाबाइटची असेल आणि ग्राहकाकडील जोडणी सेकंदाला एक मेगाबिट वेगाची असेल, तर डाऊनलोडला जवळजवळ ५३ मिनिटे लागतात. एकदा सुरू झालेले डाऊनलोड मुदत संपल्यावरही चालू राहू शकते. परंतु चाळिसाव्या मिनिटाला जोडणी तुटली आणि ब्राऊझरने उर्वरित भाग मागितला, तर दुवा कालबाह्य झालेला असतो. फाईल तुकड्यांनी मागण्याची सोय एचटीटीपी नियमावलीच्या १.१ या आवृत्तीपासून आहे व अशा मागणीला सर्व्हर २०६ या संकेताने उत्तर देतो. मात्र खरेदीची नोंद तपासून फाईल देणारा प्रोग्रॅम मध्ये आला की ही सोय त्या प्रोग्रॅममध्ये वेगळी लिहावी लागते. ती राहून गेल्यास नव्वद टक्क्यांवर तुटलेले डाऊनलोड पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

पाच डाऊनलोडच्या मर्यादेचाही असाच फटका बसतो. डाऊनलोड व्यवस्थापक प्रकारची सॉफ्टवेअरे एकच फाईल चार किंवा आठ तुकड्यांत एकाच वेळी ओढतात. दुकान प्रत्येक तुकडा स्वतंत्र डाऊनलोड म्हणून मोजत असेल, तर पहिल्याच प्रयत्नात मर्यादा संपते. काही कार्यालयांतील ई-मेल सुरक्षा प्रणाली आलेल्या पत्रातील दुवे ग्राहकाच्या आधी स्वतः उघडून पाहतात. एकदाच चालणारा दुवा असेल, तर तो सचिवाच्या आधी यंत्रानेच वापरून टाकलेला असतो. यावर साधा उपाय म्हणजे मुदत दोन-तीन दिवसांची ठेवणे, तुकडे न मोजता खरेदी मोजणे आणि ऑर्डर क्रमांक व ई-मेल दिल्यावर नवा दुवा मिळण्याची सोय देणे. चोरी करणारा माणूस दुव्याची नव्हे, फाईलची नक्कल करतो. दुव्यावर फार कडक पहारा ठेवून विशेष काही साधत नाही.

परवाना क्रमांकाची रचना हा वरकरणी किरकोळ विषय आहे. परंतु इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर आणि शून्य, तसेच मोठ्या लिपीतील ‘आय’ आणि एक यांतील गोंधळ मदतकेंद्राचा बराच वेळ खातो. हे चारही वर्ण वगळलेले बरे. क्रमांक आधीच तयार करून यादीत ठेवले असतील, तर दोन ग्राहकांनी एकाच क्षणी खरेदी केल्यावर दोघांना एकच क्रमांक जात नाही ना, याची चाचणी करावी. यादी संपली तर काय होते, हेही पाहून ठेवावे.

ई-मेल पोहोचणे हा स्वतंत्र भाग आहे. नव्या संकेतस्थळाची पत्रे सहज ‘स्पॅम’मध्ये जातात. म्हणून दुवा केवळ पत्राने न पाठविता खरेदीनंतरच्या पानावरही दाखवावा. ग्राहकाने ई-मेलचा पत्ताच चुकीचा टंकला असेल, तर दुकानाकडे त्याला गाठण्याचा एकमेव मार्ग म्हणजे भ्रमणध्वनी क्रमांक. तोही खरेदीच्या वेळी घ्यावा, परंतु त्याहून अधिक काही मागू नये. घरपोच काहीही पाठवायचे नसताना इमारतीचे नाव व खुणेची जागा विचारणारे दुकान ग्राहकाला संशयास्पद वाटते.

एका पैशाचा फरक

बीजकाचा विषय विकसकांना कंटाळवाणा वाटतो. हिशेब पाहणाऱ्या ग्राहकाला मात्र तो सर्वांत आधी दिसतो. सेवा पुरविणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल, तर वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची नसते. काही विशेष राज्यांत ही मर्यादा १० लाख रुपये आहे. इतर राज्यांतील ग्राहकांना सेवा दिली तरी ही सवलत ऑक्टोबर २०१७ पासून लागू आहे. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला कर आकारता येत नाही. त्याच्या बीजकावर कराचा रकाना दिसणे हीच चूक ठरते. तयार दुकान-प्रणाली परदेशी असेल, तर तिची मूळ मांडणी असा रकाना आपोआप दाखवू शकते.

नोंदणी असेल, तर राज्य पाहावे लागते. पुण्यातील विक्रेता व नाशिकचा ग्राहक असल्यास ९ टक्के केंद्रीय आणि ९ टक्के राज्य कर लागतो. ग्राहक इंदूरचा असल्यास १८ टक्के एकात्मिक कर लागतो. म्हणून घराचा पत्ता नको असला तरी ग्राहकाचे राज्य विचारणे भाग असते व नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या बीजकावरही ते लिहावे लागते.

आता ९९९ रुपयांची किंमत करासह आहे असे धरल्यास करपूर्व मूल्य ८४६.६१ रुपये निघते. इंदूरच्या ग्राहकासाठी १८ टक्के कर १५२.३९ रुपये होतो व बेरीज बरोबर ९९९ येते. नाशिकच्या ग्राहकासाठी ९ टक्के कर ७६.१९ रुपये होतो. असे दोन मिळून १५२.३८ रुपये आणि एकूण बेरीज ९९८.९९ रुपये. एक पैसा कमी पडला. ग्राहकाने ९९९ रुपये दिलेले आहेत व बीजक ९९८.९९ चे आहे. रकमांचा ताळमेळ घालणारा प्रोग्रॅम येथे ‘रक्कम जुळत नाही’ म्हणून अडतो. फाईल देण्याआधी ही तपासणी होत असेल, तर महाराष्ट्रातील एकाही ग्राहकाला सॉफ्टवेअर मिळत नाही आणि मध्य प्रदेशातील सर्वांना मिळते. अशी चूक शोधण्यात अख्खा दिवस जाऊ शकतो. बीजकात ‘पूर्णांकन’ असा रकाना ठेवणे अथवा करपूर्व किंमत १,००० रुपये व करासह १,१८० रुपये अशी सरळ ठेवणे, हे यावरील मार्ग आहेत. दुसरा मार्ग सुटसुटीत आहे. पण सवलतीचे कूपन आले की पैशांचे अपूर्णांक परत येतात. त्यामुळे चाचणी दोन्ही परिस्थितींत, म्हणजे राज्यातील व राज्याबाहेरील ग्राहकासाठी, कूपनासह आणि कूपनाविना करावी.

बीजकाच्या पीडीएफमध्ये आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. रुपयाचे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारण्यात आले व त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये समाविष्ट झाले. परंतु पीडीएफ बनविणाऱ्या जुन्या घटकांतील फाँटमध्ये ते नसते आणि रकमेपुढे रिकामी चौकट किंवा प्रश्नचिन्ह उमटते. दुसरी गोष्ट म्हणजे देवनागरी नाव. ग्राहकाने संस्थेचे नाव मराठीत टंकले आणि बीजकात वेलांटी भलत्याच अक्षराला लागली किंवा जोडाक्षर फुटले, तर ते बीजक लेखापरीक्षकासमोर ठेवण्यास ग्राहक संकोचतो. चाचणीच्या नावांत ‘श्री सिद्धिविनायक’, ‘ज्ञानेश्वर’, ‘कृत्तिका’ अशी जोडाक्षरांनी भरलेली नावे मुद्दाम घ्यावीत.

ग्राहकाचे हक्क

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० मध्ये लागू झाले असून त्यांत डिजिटल उत्पादनांचा स्पष्ट समावेश आहे. व्यवसाय म्हणून नियमित विक्री करणाऱ्याने आपले नाव, पत्ता व संपर्क संकेतस्थळावर दिला पाहिजे आणि तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे. एकट्या विकसकाच्या बाबतीत हे काम तो स्वतःच पाहतो. तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण एका महिन्यात करावयाचे असते. संमतीची चौकट आधीच खूण करून ठेवण्यास या नियमांनी मनाई आहे. ग्राहकाच्या नकळत टोपलीत जादा वस्तू टाकणे यासारख्या फसव्या रचनांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ग्राहकांची माहिती साठविण्यासंबंधी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व ते टप्प्याटप्प्याने अमलात येणारे आहेत.

परताव्याचा प्रश्न सॉफ्टवेअरच्या बाबतीत अवघड आहे, कारण दिलेली फाईल परत घेता येत नाही. मर्यादित मुदतीची चाचणी-आवृत्ती मोफत देणे हा त्यावरील चांगला तोडगा आहे. संस्थेचा खजिनदार ती आपल्या संगणकावर चालवून पाहतो, छपाईयंत्रावर पावती नीट उमटते की नाही ते बघतो आणि मगच पैसे देतो. तरीही परतावा द्यावा लागलाच, तर परवाना क्रमांक रद्द होतो काय आणि बीजकाविरुद्ध जमापत्र निघते काय, हे आधीच तपासलेले असावे.

प्रत्यक्ष चाचणी

पेमेंट प्रणालींत चाचणीसाठी वेगळा कक्ष असतो, तेथे खरे पैसे फिरत नाहीत. ४ या अंकापुढे पंधरा वेळा १ हा कार्ड क्रमांक अशा चाचण्यांत जगभर वापरला जातो. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी शोधलेल्या व १९६० मध्ये पेटंट मिळालेल्या अंकतपासणीत तो बरोबर उतरतो, परंतु चाचणीकक्षाबाहेर त्याचा उपयोग नसतो. यशस्वी व्यवहार एकदा झाला की पुष्कळ जण चाचणी संपली असे मानतात. वास्तविक तो चाचणीतील सर्वांत कमी माहिती देणारा भाग होय. पिन चुकवून पाहावा, पैसे देण्याच्या पानावरून मागे जावे, दोनदा बटन दाबावे, पैसे दिल्यावर लगेच ब्राऊझर बंद करावा, तीच सूचना सर्व्हरला हाताने पुन्हा पाठवावी आणि खोट्या स्वाक्षरीची सूचनाही पाठवून पाहावी. सर्व्हर मुद्दाम बंद ठेवून एक व्यवहार करावा व तासाभराने तो सुरू केल्यावर ती ऑर्डर आपोआप पूर्ण होते काय, याची नोंद घ्यावी.

चाचणीकक्षात सारे सुरळीत चालले तरी खऱ्या पैशांचा एक व्यवहार केल्याशिवाय दुकान उघडू नये. चाचणीच्या व खऱ्या व्यवहारांच्या किल्ल्या वेगवेगळ्या असतात आणि वेबहूकचा पत्ताही दोन्हीकडे स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. तो खऱ्या बाजूस नोंदवायचा राहून जाणे, ही पहिल्या दिवशी हमखास होणारी चूक आहे. यासाठी एक रुपयाची वस्तू तात्पुरती मांडून ती स्वतःच्या फोनवरून विकत घ्यावी. तिचा परतावा करावा आणि रक्कम बँक खात्यात किती दिवसांनी व कोणत्या नावाने येते, ते पाहावे. ग्राहकाच्या खातेपत्रकात दुकानाऐवजी भलतेच नाव उमटत असेल, तर तो व्यवहार ओळखू शकत नाही व बँकेकडे तक्रार करतो.

यानंतर संगणकाशी फारसा संबंध नसलेल्या दोन-तीन व्यक्तींना खरेदी करावयास बसवावे आणि विकसकाने शेजारी बसून एकही शब्द न बोलता पाहावे. डाऊनलोड झालेली फाईल फोनवर उतरली आणि ती संगणकावर कशी न्यावी हे कळले नाही, हा प्रसंग अशा वेळी हटकून घडतो. फोनवरून पैसे देणारा ग्राहक सॉफ्टवेअर मात्र संगणकावर वापरणार असतो. ही साधी गोष्ट दुकानाच्या रचनेत अनेकदा विसरली जाते. खरेदीनंतरच्या पानावर ‘हा दुवा संगणकावर उघडा’ एवढी एक ओळ आणि सहज टंकता येईल असा छोटा पत्ता दिल्यास अडचण दूर होते.

दुकान सुरू झाल्यावर रोज सकाळी तीन आकडे जुळवावे लागतात. अॅग्रिगेटरच्या अहवालातील यशस्वी व्यवहार, दुकानाच्या नोंदवहीतील पूर्ण झालेल्या ऑर्डरी आणि दिलेले परवाना क्रमांक हे ते तीन आकडे होत. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल, तर कोणीतरी पैसे देऊन फाईलची वाट पाहत आहे. त्याचा दूरध्वनी येण्याची वाट न पाहता दुकानाने स्वतःहून त्याला परवाना क्रमांक पाठवावा.